चौथा वादक

दोसिंदा कॉफीच्या वाडग्यात पाव बुडवत होती. आई खिडकीशी मटार सोलत बसलेली. तेवढ्यात दार वाजलं.

शेजारच्या ओब्दुलियामावशी. कोपरापर्यंत रबरी मोजे, अंगाला ब्लीचचा वास.

"खा पोरी, सावकाश खा. तुझं काम उरकलं आम्ही."

"कुठलं काम?"

"चर्चच्या दाराचं. मृतांच्या सणासाठी आम्ही बायकांनी कबरी घासल्या, ब्लीच उरलं होतं, म्हटलं सणाला दारही उजळू दे."

दोसिंदा सपाता घालूनच धावली.

उन्हाळ्यापासून ती चर्चच्या दारावरच्या कमानीशी परांचीवर उभी राहून जुनी शिल्पं साफ करत होती. कमानीत दगडाचे चार वादक, अंगभर पिवळं-काळं दगडफूल. लेझरचा झोत बेतानं मारला की दगडफूल तेवढं सुटायचं, खालचा जुना रंग राहायचा. तो बेत साधायलाच तिचे कितीतरी आठवडे गेले होते. दिवसाकाठी तळहाताएवढी जागा व्हायची. दारूच्या गुत्त्यातले म्हातारे विचारायचे, "काय गं, एकेक केस धरून दाढी करतेस का त्यांची?" ती हसून सोडून द्यायची.

आता तीन वादक सोललेल्या अंड्यासारखे पांढरे दिसत होते. बासरीवाल्याच्या गालावर काल तिला लाली दिसली होती, नखाएवढी. तिथे तारेच्या ब्रशचे ओरखडे होते. आणि दगडफुलाची मुळं दगडात तशीच. दोन पावसाळ्यांत पुन्हा वर येणार.

मावशी हातात ब्रश घेऊन धापा टाकत मागून आल्या.

"मी गावच्या सभेत सांगितलं होतं, मावशी. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या."

"तू म्हणालीस, यंत्र चालू असताना जवळ येऊ नका, डोळे जातात. पहाटे यंत्र कुठे चालू होतं?"

दोसिंदाच्या डोक्यात तिडीक गेली. ओरडावं, ब्रश हिसकावून फेकावा असं वाटलं. पण ती परदेशात कामाला होती तेव्हा दरवर्षी बाबांची कबर मावशींनी ह्याच हातांनी घासली होती, ह्याच ब्लीचनं. कुणी सांगितलं नव्हतं.

"छान नाही झालं?" मावशींचा आवाज बारीक झाला.

दोसिंदानं वर पाहिलं. कमानीच्या टोकाला चौथा, सारंगीवाला. शिडीवरून हात न पोचल्यानं वाचलेला. दगडफुलानं तोंड झाकलेलं. खाली भिंतीला शिडी टेकवलेली होती.

"मावशी, ती शिडी घरी न्या," ती म्हणाली. "आणि त्या एकाला माझं होईपर्यंत कुणी हात लावू नका."