काळ्या चौकटीतला क्लब

बायकोच्या पहिल्या पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायला मी तिचा फोटो घेऊन नांदेडच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो होतो. माझ्यापुढे मुखेडहून आलेला एक माणूस उभा होता. हातात त्याच्या फुटबॉल क्लबचा फोटो, आणि बोलता बोलता तो अंगठ्याने त्यातला एकेक चेहरा पुसत होता.

"हरलो की मोठी बातमी, जिंकलो की एक ओळ बी न्हाई. आमच्या क्लबावर एवढा कशाचा राग हाय तुमचा?"

"ते क्रीडावाल्यांना विचारा, मामा," काउंटरवरचा म्हणाला. "इथं पुण्यस्मरणं घेतात."

"मग त्यातच छापा."

"अहो, जिवंत माणसं आहेत ही!"

"तुमच्या लेखी कवाच मेलीत."

काउंटरवरच्याला हसू आलं, पण त्याने जाहिरात घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान उघडलं. काळ्या चौकटीत माझी बायको होती. तिला लागूनच, तशाच चौकटीत, ते अकरा जण. मधोमध तो, गोलकीपरचे हातमोजे घालून. मी पान लवकर मिटलं.

संध्याकाळी बसस्थानकावर तोच समोर आला, तेव्हा अंगावर काटा आला. पेपरचे अंक न्यायला परत आलेला तो मात्र खुशीत होता.

"आला की फोटो, सर!" मग आवाज उतरवून म्हणाला, "वहिनी शेजारीच व्हत्या. घोर करू नका. आमी अकरा जण हाव तिथं."

मुखेडची बस लागली आणि तो चढून गेला.

बायकोची काळजी त्या दिवसापासून खरंच थोडी कमी झाली. त्या अकरा जणांची मात्र वाटत राहते.