रिकामं पाकीट

सिंदेवाहीच्या औषध दुकानातले भाऊ गिऱ्हाइकाच्या पायांकडे आधी पाहतात, तोंडाकडे नंतर. भाताच्या रोवणीच्या दिवसांत, चिखलात उभं राहून पायांना गळवं होतात तेव्हा, नमस्काराऐवजी विचारतात, "कुठी झालं?"

आईच्या पोटरीला गळू झालं, तेव्हा मी घरातला पहिला पदवीधर म्हणून भाऊंना थेट कॅप्सूलचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "आत पू हाय. गोळीनं निघत नाई. पयले डॉक्टरकडून चिरा देऊन घ्या."

चिरा दिल्यावर डॉक्टरांनी सात दिवसांच्या कॅप्सूल लिहून दिल्या. त्या देताना भाऊंनी बजावलं, "बाई, दुखणं थांबलं तरी सगळ्या खाजा. रिकामं पाकीट मले आणून दाखवा."

आठव्या दिवशी आईने रिकामं पाकीट काउंटरवर ठेवलं. भाऊंनी पोटरी पाहिली. जखमेभोवती पुन्हा लाल सूज आली होती. असं रिकामं पाकीट त्यांनी दर रोवणीला पाहिलं होतं. शांतपणे त्यांनी विचारलं, "शेजारणीचं गळू कसं हाय?"

आईने कबूल केलं. तीन दिवसांत दुखणं थांबलं, म्हणून उरलेल्या कॅप्सूल पाकिटातून काढून तिने शेजारच्या काकूंना त्यांच्या गळवासाठी दिल्या होत्या, वाटीभर भाजी द्यावी तशा. मलाही हे माहीत नव्हतं.

भाऊंनी दुकानाचं शटर ओढलं. "चला दवाखान्यात," ते म्हणाले, "आन् तिलेबी बोलवा."