त्या दोन ओळी मी काढल्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय—का, ते मलाही नीट माहीत नाही.

मदन महल भागात आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. सी भाषेत मी वर्षानुवर्षं मुरलेला. मग प्राजक्ता आली—त्याच शहरातल्या कांचघर भागातली, कॉलेजातून नुकती निघालेली. काही अडलं की ऑफिसचे सर आधी मला हाक मारायचे, आता तिला मारू लागले. 'बेटा, ज़रा ये देखना.' जळणं म्हणजे काय, तुम्ही कधी अनुभवलंय? ती मला 'दादा' म्हणायची—तेही झोंबायचं.

तिनं एका पॅथॉलॉजी लॅबसाठी प्रोग्रॅम लिहिला. प्रोग्रॅमनं मेमरीत नको तिथं हात घातला की सिस्टिम सिग्नल देऊन त्याला पाडते, आणि पडतानाची मेमरी डिस्कवर ठेवते—कोअर डंप. चूक कुठं झाली ते त्यातून कळतं. तिनं तो सिग्नल पकडला होता—एरवी असं केलं की डंप बुडतो—पण हुशारीनं: आधी लॉगमध्ये नोंद करायची, मग सिग्नलची मूळ वागणूक परत लावून तोच सिग्नल स्वतःला पुन्हा पाठवायचा. म्हणजे डंप शाबूत. मला हे सुचलं नव्हतं. कधीच.

लॅबच्या मशीनवर प्रोग्रॅम चढवायचं काम माझं. आणि मी—हो, मीच—शेवटच्या त्या दोन ओळी काढून तिथं नुसतं एक्झिट टाकलं. म्हणजे प्रोग्रॅम पडला की गुपचूप बंद होणार, डंप मागं राहणार नाही.

ऑफिसात प्रोग्रॅम कधी पडला नाही. लॅबमध्ये रोज पडायचा. बाहेर बाकावर पेशंट रिपोर्टसाठी ताटकळत. 'दादा, डंप काहून येऊन नाही राहिला?' ती विचारायची. 'मशीनचंच काही असेल,' मी म्हणायचो. ती ओळ न् ओळ तपासायची, रडवेली व्हायची. मला वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं.

शेवटी सरांनी ते काम माझ्याकडे दिलं. थोड्याच दिवसांत ती नोकरी सोडून गेली. मी ओळी परत लावल्या. डंप आला, उघडला—प्रोग्रॅम पडत होता तो माझ्याच जुन्या फंक्शनमध्ये. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून ते जसंच्या तसं घेतलेलं. मी गुपचूप दुरुस्त केलं. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

मागे सराफा बाजारात ती भेटली. शाळेत गणित शिकवते म्हणाली. आणि प्रोग्रॅमिंग? 'ते माझ्याच्यानं नाही झालं, दादा.' मग, 'माझी चूक कुठं होती हो, शेवटी?'

तेव्हा सांगता आलं असतं. रस्ता होता, वेळ होता, ती समोर होती.

मी म्हणालो, 'छोटीशीच होती तुझी चूक. होतं असं.'