उठवणारी पोरगी

कळंबहून धाराशिवला जाताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. अंगात संघाची जर्सी आणि दोन्ही अंगठ्यांवर पातळ कापडाच्या टोप्या. मोबाईलवरच्या गोळीबाराच्या खेळात अंगठे असे चालत होते, जशी भराभर शेंगा फोडतीय. मला राहवलं न्हाय.

"अगं बाई, खेळून काय मिळतंय?"

"आजोबा, आमचा चौघांचा संघ हाय. पुण्याला लीगची फायनल. जिंकलो तर थेट वर्ल्ड चॅम्पियनशिपला!"

"मंग तू किती जणांना मारतीस?"

ती हसली. "मी लई मारत न्हाय. आमच्यातलं कुणी पडलं, की जवळ बसून त्याला उठवायचं, हे माझं काम. चारी बाजूंनी गोळ्या येत्यात, पण हलायचं न्हाय. मी हलले की तो गेला."

मला बायको आठवली. एका सुगीत ज्वारी काढताना ती चक्कर येऊन पडली. म्या विळा टाकला आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन दुपारभर बसलो. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ती उठली, आणि पुढं जन्मभर येईल त्याला सांगायची, "तवा हे जागचे हलले न्हाईत."

औंदा दवाखान्यात म्या तसाच बसलो. नऊ दिवस हललो न्हाय. ती उठली न्हाय.

हे पोरीला सांगितलं न्हाय. स्टँडवर तिची बॅग खाली दिली आणि एवढंच बोललो, "फायनललाबी हलू नगं."

"न्हाय हलणार, आजोबा," ती म्हणाली.