यादीत सगळ्यात वर माझाच बायोडेटा

मंडळी, दुपारपासून माझं डोकं चालत नाहीये.

लग्न करायचं नाही, हे मी दोन वर्षांपूर्वीच घरी सांगून टाकलंय. पप्पाही म्हणाले होते, विषय संपला. आज नाशिक रोडला त्यांच्याकडे गेले होते. एक अर्ज टाईप करायला त्यांचा कॉम्प्युटर लावला, तर अलीकडे उघडलेल्या फाईलींच्या यादीत सगळ्यात वर माझा लग्नाचा बायोडेटा. आज सकाळीच उघडलेला!

मी भडकलेच. "कोणाला पाठवताय हा?"

"कोणालाच नाही गं. रोज उघडतो आणि बंद करतो. नाही उघडली तर फाईल खाली खाली सरकते आणि जाते. सोसायटीची दोन पत्रं अशीच गेली माझी."

"पप्पा, ती फक्त यादीतून जाते. फाईल असते तिथेच असते." दोन्ही पत्रं फोल्डरमधून काढून दाखवली. ते बघतच राहिले.

"पण पाठवायचा नाही, तर सांभाळताय कशाला?"

"मीच लिहिलाय ना तो. तुझ्याबद्दल एवढं चांगलं मी दुसरं कुठे लिहिलंय?"

चिडू की काय करू, अजून कळत नाहीये. रोज उघडायची गरज नाही, हे मात्र मीच त्यांना शिकवून आले.

बरोबर केलं का हो मी?