नऊ म्हणजे तपासलंच नाही

ऑफिसात तिला सगळे कोशबाई म्हणत. शाळकरी मुलांच्या कानतपासणीची माहिती ती वीस वर्षं संगणकात भरत होती आणि कुठला आकडा म्हणजे काय हे तिला तोंडपाठ होतं. एक म्हणजे नीट ऐकू येतं, दोन म्हणजे एकाच कानाने, तीन म्हणजे दोन्ही कान अधू आणि नऊ म्हणजे तपासलंच नाही.

त्या सोमवारी नवं सॉफ्टवेअर आलं. नव्या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी जुनी माहिती साध्या तक्त्यात उतरवून त्यात चढवली आणि दुपारी त्या लगबगीने आल्या.

"टेकडीवरच्या शाळेची सरासरी सहाच्या वर गेलीये. श्रवणयंत्रं आधी तिथेच द्या, असं चारच्या बैठकीत सांगते."

कोशबाईने वाकून पडदा पाहिला. नुसते आकडे उरले होते, अर्थ सगळे गायब.

"अहो, तिथली मुलं बहिरी नाहीत. तिथल्या बऱ्याच वर्गांपर्यंत तपासनीसच पोचला नव्हता. हे सगळे नऊ आहेत."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "आता काय करायचं हो?"

"जुन्या संगणकात अर्थ अजून शाबूत आहेत. चला."

पावणेतीन वाजले होते. कोशबाईने जुन्या संगणकातून प्रत्येक आकडा आणि त्याचा अर्थ अशी यादी काढली. बाईंनी ती नव्या सॉफ्टवेअरमधल्या माहितीला जोडली आणि नऊ सरासरीतून वगळला. पण अर्थाचे रकाने कोरेच राहिले.

"इकडचा 'एक' हा आकडा म्हणून साठवलाय, तिकडचा अक्षर म्हणून, त्यामुळे जुळत नाहीयेत," बाई पुटपुटल्या. त्यांनी ते सारखं केलं, आणि पडदाभर शब्द उमटले. 'नीट ऐकू येतं', 'एकाच कानाने'. कोशबाईला हसू आवरेना. बाईंचा हात धरून ती म्हणाली, "थांबा, मोजणी जुळवू."

ती जुन्यातले आकडे वाचत गेली, बाई नव्यातले. एकूण एक जुळले. आता खरी गरज दिसली ती गिरणीशेजारच्या शाळेत. तिथे एकेचाळीस मुलांचे दोन्ही कान अधू होते.

बाईंनी तिला बैठकीत ओढतच नेलं. वीस वर्षांत ती तिथे कधी बोलली नव्हती. आज सगळं सांगताना तिचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. यंत्रं गिरणीशेजारी द्यायची आणि तपासनीसाने उद्याच टेकडीवर जायचं, असं ठरलं.

जिना उतरता उतरता तिने घरी फोन लावला.

"धाप का लागलीये तुला?" नवऱ्याने विचारलं.

"आधी ऐक तर," ती म्हणाली आणि पायरीवरच बसून सांगायला लागली.