पालथ्या वाटीखालची चिठ्ठी

गेल्या वर्षी आमच्या म्हाताऱ्याच्या, माझ्या नवऱ्याच्या, पायाला साप चावला आणि चौघांनी त्याला उचलून थेट मारुतीच्या देवळात नेलं. भर दुपार, सोयाबीनची काढणी चालू. आम्ही बायका विळे टाकून मागं पळालो. देवळात कडुनिंबाचा पाला चावायला देतात. पाला कडू लागला तर विष चढलं नाही म्हणायचं आणि घरी जायचं. म्हाताऱ्यानं पाला चावला, तोंड वाकडं केलं. "कडू हाय! काही झालं न्हाई मला." गडी खूश. पाय मात्र सुजत चाललेला. मी ओरडले, "वाटी पालथी हाय अजून!"

गड्यांना काही कळलं नाही. बायकांना कळलं. का कळलं, ते सांगायचं तर मंगलबद्दल सांगावं लागेल.

मंगल माझ्या बहिणीची मुलगी. नांदेडला विष्णुपुरीकडं राहायची, कॉलेजात शिकवायची. तीन आठवड्यांपूर्वी हृदय बंद पडून गेली. लोकांच्या डोक्यात काही उतरावं म्हणून खेळ तयार करायचे, हा तिचा अभ्यास. मी चौथी शिकलेली. एवढं शिकून कवड्याच खेळायच्या होत्या का, असं तिला तोंडावर म्हणाले होते.

एकदा तिनं सापाचा खेळ आणला. कापडी पट. देवळाच्या घरात गेलं की मेलं, दवाखान्याच्या घरात गेलं की जगलं. आम्ही बायका खेळलो, ती कोपऱ्यात बसून वहीत टिपत होती. मी म्हणाले, "मंगल, तुझा खेळ खोटा हाय. देवळात नेलेले दोघं आमच्या गावात हिंडून राहिलेत की."

वाटलं, रागावेल. ती म्हणाली, "मावशी, त्यांना कोणता साप चावला होता? बघितला कुणी?"

कुणीच बघितला नव्हता.

दोन महिन्यांनी नवा पट आला. आता सापाचं चित्र काढलेली चिठ्ठी पालथ्या वाटीखाली ठेवायची, ती डाव संपल्यावरच बघायची. बिनविषारी निघाला तर देवळात बसलेलाही जगतो आणि देवळाचं नाव होतं. घोणस निघाली तर बसून घालवलेली पाळी जिवावर बेतते. पाल्याचंही एक घर होतं. तिथं थांबून आमच्या शेजारची सरूबाई सलग तीन डाव मेली. "नीट सांग की गं मग, देवळात जाऊ नका म्हणून!" ती मंगलवर खेकसली.

"मी सांगितलं तर ऐकाल का? हरलात की ध्यानात राहतं."

त्या दुपारी म्हाताऱ्याच्या हातातला पाला सरूबाईनंच हिसकला. "उचला ह्यांना! जीप आणा!" अहमदपूरच्या दवाखान्यात आठ दिवस काढले; घोणसच असावी, डॉक्टर म्हणाले. मंगल भेटायला आली, तर आधी वही उघडून विचारते, "देवळात किती वेळ गेला?"

"पाला चावण्यापुरता."

"मग पाल्याचं घर पटावर राहू दे, कामाला आलं," म्हणाली, आणि म्हाताऱ्याला मोसंबी सोलून दिली... तिच्या मोसंबीला शिरा कधी राहायच्या नाहीत.

पट माझ्या पेटीत आहे. सवड मिळाली की आम्ही दोघं खेळतो. म्हातारा लबाडी करतो, डाव संपायच्या आत वाटी उचलून बघतो. मंगल असली की त्याच्याकडं नुसतं बघायची आणि तो हात मागं घ्यायचा. आता मी हातावर चापट मारते.

मंगल बेचाळीसची होती. म्हातारा शहात्तरचा आहे. तो जगला.